ओस्लोचा लघवीतल्या लिपिडचा अभ्यास: ९३ टक्के, १०० टक्के आणि त्यामागची २८ माणसं

लघवीतल्या लिपिडवरून, म्हणजे पेशींच्या पडद्यातल्या चरबीच्या रेणूंवरून, प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीचा कॅन्सर ओळखला, सेन्सिटिव्हिटी (म्हणजे खऱ्या पेशंटपैकी किती पकडले) ९३ टक्के, स्पेसिफिसिटी (म्हणजे निरोगी लोकांपैकी किती जणांना बरोबर निरोगी म्हटलं) १०० टक्के. एवढंच वाचलं तर कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला, आता बायोप्सीच्या सुया कशाला, एक बाटली भरून दिली की काम झालं. हा आकडा खरा आहे, कुणी फुगवून सांगितलेला नाही, २०१७ साली युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सरमधे आलेल्या पेपरातला आहे आणि काम केलंय ओस्लो युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या लोकांनी, ज्यांचं पेशींच्या पडद्यांवरचं काम जगभर मानलं जातं. पण तो आला १५ पेशंट आणि १३ निरोगी पुरुष यांच्यावरून. एकूण २८ माणसं. मला हा अभ्यास मनापासून आवडतो, आणि तरीही त्यातला १०० चा आकडा घरातल्या कुणाला सांगू नये असं माझं मत आहे, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं ते सगळं प्रकरण उलगडून लिहितोय, थोडं लांब होईल.

आधी मुळात अडचण कुठे आहे ते बघा. प्रोस्टेटच्या बाबतीत रक्तातली पीएसए ही तपासणी सगळ्यांना माहीत झालीय, साठीच्या माणसाच्या हेल्थ चेकअप पॅकेजमधे ती असतेच. पीएसए हे प्रोस्टेटनं बनवलेलं एक एन्झाइम आहे, वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, आणि थोडंसं रक्तात उतरतं. कॅन्सर झाला की वाढतं हे खरं, पण वयानुसार प्रोस्टेटची ग्रंथी नुसती मोठी झाली (ज्याला डॉक्टर बीपीएच म्हणतात, लघवीला सारखं उठावं लागतं तो प्रकार) तरी वाढतं, इन्फेक्शन झालं तरी वाढतं. अमेरिकेत औषधांना आणि तपासण्यांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं १९८६ साली आधीच निदान झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला म्हणून पीएसएला परवानगी दिली आणि १९९४ साली निदानाला मदत म्हणून. तेव्हापासून ४ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला, ४ च्या खाली म्हणजे सुटलो, वर म्हणजे संकट.

पण शरीर असं ४ वर रेघ मारून चालत नाही. ४ ते १० च्या मधल्या पट्ट्यात बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकालाच कॅन्सर सापडतो, म्हणजे तिघांनी सुया टोचून घेतल्या त्या उगाच. आणि उलट बाजूनं, २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमधून असं दिसलं की पीएसए ४ किंवा त्याखाली असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली तर साधारण १५ टक्के लोकांमधे कॅन्सर निघतो. म्हणजे दोन्हीकडून फसगत. बायोप्सी म्हणजे सुद्धा काही बोटाला सुई टोचण्यासारखं नाही, गुदमार्गातून सोनोग्राफीच्या साहाय्यानं दहाबारा तुकडे काढतात, रक्त जातं, ताप येऊ शकतो, आणि आपल्याकडे अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू इतके वाढलेत की त्या इन्फेक्शनची भीती खरीच आहे.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, सापडलेल्या प्रत्येक कॅन्सरला उपचार लागतोच असंही नाही. ब्रिटनमधे प्रोटेक्ट नावाची ट्रायल झाली, १६४३ पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त बारीक लक्ष, आणि १५ वर्षांनंतरचा निकाल २०२३ साली आला तर प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेलेले लोक एकूण २.७ टक्के, तिन्ही गटांत जवळपास सारखेच. म्हणजे आपल्याला नव्या चाचणीकडून जे हवंय ते नुसतं कॅन्सर आहे की नाही एवढंच नाहीये, धोक्याचा आहे की नाही हे हवंय. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

लघवीतच का शोधायचं? कारण मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधून जातो. ग्रंथीचा स्राव त्या नळीत उतरतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो, कुठेही काहीही टोचावं लागत नाही. आणि लघवीत नुसते सुटे रेणू नसतात, एक्सोसोम असतात. एक्सोसोम म्हणजे पेशीनं बाहेर सोडलेल्या अतिशय छोट्या पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणारच नाहीत. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्या भिंती आत वळून वळून त्यात छोट्या पिशव्या तयार होतात, मग ती मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन फुटते आणि आतल्या बाहेर पडतात. हे पहिल्यांदा १९८३ साली दिसलं, अमेरिकेत आणि कॅनडात दोन वेगवेगळ्या गटांना, लाल रक्तपेशी पिकत असताना नको असलेली प्रोटीनं बाहेर कशी टाकतात हे बघताना. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हा पेशीचा कचरा आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेमधल्या पिसिटकुन आणि नेपर यांच्या गटानं लघवीतले एक्सोसोम वेगळे काढून त्यात जवळपास तीनशे प्रोटीनं ओळखून दाखवली आणि तिथून लघवीतल्या एक्सोसोमकडे लोक गंभीरपणे बघायला लागले, कारण आतला माल आणि वरचं आवरण दोन्ही मूळ पेशीचंच असतं.

आता बहुतेक लोकांनी या पिशव्यांमधली प्रोटीनं आणि आरएनए (जनुकांची कामापुरती नक्कल) शोधली. ओस्लोच्या गटानंही आधी तेच केलं, २०१५ साली त्यांनी १६ पेशंट आणि १५ निरोगी पुरुषांच्या लघवीतल्या एक्सोसोमची प्रोटीनं तपासली, त्यात २४६ प्रोटीनांचं प्रमाण दोन गटांत वेगळं निघालं, टीएम२५६ नावाचं एक तर एकट्यानं १०० टक्के स्पेसिफिसिटीला ९४ टक्के सेन्सिटिव्हिटी दाखवत होतं. मग लिपिडकडे का वळले?

याचं एक कारण त्या माणसांत आहे. या गटात शिर्स्टेन सान्डव्हिग आहेत, ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग शिगा टॉक्सिनसारखी विषं पेशीत कशी घुसतात हे शोधण्यात घालवला, आणि शिगा टॉक्सिन पेशीला चिकटतं ते एका ग्लायकोस्फिंगोलिपिडलाच, म्हणजे साखर जोडलेल्या एका चरबीच्या रेणूला. त्यामुळे पेशीच्या पडद्यातली चरबी म्हणजे नुसतं भरताड नाही, तिला स्वतःचं काम आहे, हे या लोकांच्या अंगात मुरलेलं. त्यांच्याबरोबर तोरे स्कॉटलांड आणि आलिसिया लोरेन्ते. लोरेन्ते आणि मंडळींनी २०१३ साली पीसी-३ नावाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या एक्सोसोममधले साधारण २८० प्रकारचे लिपिड मोजले होते. त्यात दिसलं की प्रोटीनच्या तुलनेत लिपिडचं प्रमाण मूळ पेशीपेक्षा एक्सोसोममधे ८.४ पट जास्त आहे, आणि कोलेस्टेरॉल, स्फिंगोमायलिन, ग्लायकोस्फिंगोलिपिड, फॉस्फॅटिडिलसेरीन हे ठरावीक प्रकारच त्यात जास्त भरलेले आहेत. म्हणजे पेशी पिशवी बनवताना लिपिड निवडून घेते. आता इतकी छोटी पिशवी म्हटल्यावर तिच्यात आवरणाचाच वाटा मोठा, आणि आवरण म्हणजे लिपिड. मग शोधायचं तर तिथेच शोधायला नको का?

दुसरं कारण प्रोस्टेटच्या कॅन्सरचं. बहुतेक कॅन्सर साखर खूप खातात, म्हणून साखरेसारखं औषध टोचून करतात ती नेहमीची पेट स्कॅन त्यांना पकडते. प्रोस्टेटचा सुरुवातीचा कॅन्सर मात्र त्या स्कॅनवर बऱ्याचदा नीट दिसतच नाही. त्याचा ओढा चरबीकडे जास्त, फॅटी अॅसिड बनवणारं एन्झाइम या पेशींत वाढलेलं असतं. ज्या आजारात चरबीचं गणितच बदललेलं आहे त्या आजाराच्या पेशीची पिशवी उचलून तिची चरबी मोजायची, हा विचार मला अगदी सरळ आणि पटणारा वाटतो.

प्रत्यक्षात काय केलं ते आता. लघवी घ्यायची, आधी हळू फिरवून पेशी आणि मोठा गाळ काढून टाकायचा, मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजमधे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट आणि त्याहून जास्त जोरानं फिरवायचं म्हणजे एक्सोसोम तळाशी बसतात. लघवीत एक वेगळीच कटकट असते, युरोमोड्युलिन. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन हेच, किडनीत बनतं, लांब धाग्यांचं जाळं तयार करतं आणि एक्सोसोम त्या जाळ्यात अडकून बसतात. एका माणसात हे जाळं दाट, दुसऱ्यात विरळ, की लगेच हाताला लागणारे एक्सोसोम कमीजास्त होणार. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला याच्याशी झगडावंच लागतं. त्यानंतर एक्सोसोममधून लिपिड बाहेर काढायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक प्रकार वेगळा मोजायचा, या मोजणीसाठी फिनलंडमधल्या झोरा बायोसायन्सेस या कंपनीतली माणसं बरोबर होती.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी लगेच पेशंट विरुद्ध निरोगी अशी तुलना करायला घेतली नाही. आधी फक्त निरोगी लोकांचे नमुने घेऊन बघितलं की लघवीतल्या एक्सोसोमचं लिपिडचं चित्र मुळात दिसतं कसं, आणि तीच मोजणी परत केली तर तेच उत्तर येतं का. या टप्प्यात १०७ प्रकारचे लिपिड मोजता आले. आणि इथेच एक फार महत्त्वाची गोष्ट कळली, लघवीतल्या खऱ्या एक्सोसोमची बनावट प्रयोगशाळेतल्या पेशींच्या एक्सोसोमपेक्षा वेगळी निघाली, कोलेस्टेरॉलमधे फरक, फॉस्फॅटिडिलकोलीनमधे फरक. ज्या पीसी-३ पेशींवर त्यांनी स्वतः आधी एवढं काम केलं, त्यांचं चित्र माणसाच्या लघवीला जसंच्या तसं लागू होत नाही हे त्यांनी स्वतःच छापलं. बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा रेणू, शोधायचा असेल तर डिशमधल्या पेशींवर थांबून चालणार नाही, माणसाचा नमुनाच लागेल, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणं हेच माझ्या मते या पेपरचं खरं देणं आहे, तो ९३ टक्क्यांचा आकडा त्याच्या नंतर येतो.

मग त्या १०७ पैकी ज्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं असे ३६ लिपिड घेतले आणि १५ पेशंट आणि १३ निरोगी पुरुषांमधे मोजले. नऊ लिपिडचं प्रमाण दोन गटांत लक्षणीय वेगळं आलं. त्यातले दोन सगळ्यात ठळक, फॉस्फॅटिडिलसेरीन १८:१/१८:१ आणि लॅक्टोसिलसेरामाइड डी१८:१/१६:०, आणि पेशंट आणि निरोगी यांच्यातलं गुणोत्तर सगळ्यात मोठं होतं ते या लॅक्टोसिलसेरामाइडचं.

हे आकडे बघून घाबरू नका. १८:१ म्हणजे १८ कार्बनची साखळी आणि तिच्यात एक दुहेरी बंध, शेंगदाण्याच्या आणि ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं ते ओलेइक अॅसिड बहुतेक हेच. १६:० म्हणजे पामिटिक अॅसिड, १६ कार्बन, दुहेरी बंध नाही. लॅक्टोसिलसेरामाइडमधे एका चरबीच्या कण्याला अशी एक साखळी आणि वर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जोडलेली असते. हा रेणू पेशीत एका मोक्याच्या जागी बसतो, इथून पुढे जास्त गुंतागुंतीचे ग्लायकोस्फिंगोलिपिड बनवण्याच्या वेगवेगळ्या वाटा फुटतात. कॅन्सरच्या पेशीत स्फिंगोलिपिडची घडी विस्कटते हे आधीपासून माहीत होतंच, त्यामुळे इथे बदल दिसला हे जुन्या माहितीशी जुळतं. फॅटी अॅसिड बनवणाऱ्या त्या वाढलेल्या एन्झाइमचा मुख्य माल सुद्धा पामिटिक अॅसिडच असतो, त्यामुळे १६:० वाला रेणूच वर यावा याचा काही संबंध असेल असा मला मोह होतो, पण पामिटिक अॅसिड शरीरात सगळीकडेच भरपूर असतं म्हणून हा फक्त माझा अंदाज समजा.

शेवटी या दोघांबरोबर फॉस्फॅटिडिलसेरीन १८:०-१८:२ हा तिसरा लिपिड धरून तिघांचं मिळून गणित केलं आणि तिथे आला तो निकाल, ९३ टक्के सेन्सिटिव्हिटी आणि १०० टक्के स्पेसिफिसिटी.

आता हे आकडे उलटे माणसांत बदलून बघा. १५ पैकी १४ पेशंट पकडले गेले, १४ भागिले १५ म्हणजे ९३ टक्के. १३ पैकी १३ निरोगी लोकांना निरोगीच म्हटलं, म्हणजे १०० टक्के. एवढ्या छोट्या गटावरून खऱ्या जगातला आकडा काय असू शकतो याचा हिशोब कुणीही करू शकतो, तर १३ पैकी १३ याचा ९५ टक्के खात्रीचा पट्टा येतो साधारण ७५ ते १००, आणि १५ पैकी १४ याचा साधारण ६८ ते ९९ च्या पुढे. म्हणजे खरी स्पेसिफिसिटी ७५ असली तरी १३ जणांत एकही चूक न होणं शक्य आहे.

७५ आणि १०० मधे फरक किती पडतो? समजा पीएसए ४ ते १० मधले १००० पुरुष आहेत, त्यातले २५० खरोखर कॅन्सरवाले. ९३ टक्के सेन्सिटिव्हिटी धरली तर २३२ सापडले, १८ निसटले. स्पेसिफिसिटी खरंच १०० असेल तर उरलेल्या ७५० पैकी एकालाही उगाच बायोप्सी नाही, फारच छान. पण ती ७५ असेल तर १८८ जणांना कॅन्सर नसताना पॉझिटिव्ह सांगितलं जाईल. आणि हीच चाचणी लक्षणं नसलेल्या सरसकट पुरुषांवर लावली, जिथे हजारात समजा ५० जणांना कॅन्सर आहे, तर ४६ खरे सापडतील आणि २३७ खोटे, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांत एकालाच कॅन्सर. चाचणी तीच, पण कुणावर वापरली यानुसार तिची किंमत बदलते, आणि हे १०० टक्के वाचताना कुणाच्याच डोक्यात येत नाही.

दुसरी बाब निवडीची. ३६ लिपिड एकेक करून तपासले तर काहीच फरक नसतानाही ५ टक्क्यांच्या कसोटीवर एखाद-दोन नुसत्या योगायोगानं वेगळे दिसतील. इथे नऊ दिसले, म्हणजे सगळा योगायोग नक्कीच नाही. पण त्यातले उत्तम तीन निवडले त्याच २८ माणसांवरून, आणि ते तीन किती चांगले आहेत हेही मोजलं त्याच २८ माणसांवर. असं केलं की आकडा थोडा वर येतोच, यात कुणाची लबाडी नसते, गणिताचा स्वभाव आहे तो. उपाय एकच, तेच तीन लिपिड आणि तीच सीमारेषा घेऊन पूर्णपणे नव्या माणसांवर जायचं. आणि लेखकांनी स्वतः पेपरात याला संभाव्य बायोमार्करच म्हटलंय, शक्यता पहिल्यांदा दाखवली एवढंच म्हटलंय. त्यामुळे माझी तक्रार त्यांच्यावर नाही, फक्त शेवटचा आकडा उचलून पुढे पाठवणाऱ्यांवर आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे तुलना कुणाशी. ओस्लोत तुलना झाली निरोगी पुरुषांशी. दवाखान्यात डॉक्टरसमोर निरोगी पुरुष बसलेला नसतो, पीएसए ६ आलेला, रात्रीत चारदा उठणारा, प्रोस्टेट वाढलेला ६८ वर्षांचा माणूस असतो. त्याच्या प्रोस्टेटमधूनही जास्त एक्सोसोम येत असतील, सूज असेल तर त्याच्याही लिपिडचं चित्र बदललेलं असू शकतं. कॅन्सर विरुद्ध निरोगी हा सोपा पेपर आहे, कॅन्सर विरुद्ध बीपीएच हा खरा पेपर. शिवाय लघवीतले एक्सोसोम एकट्या प्रोस्टेटचे नसतात, बहुतेक किडनीचे, मग मूत्रनलिकेचे, मूत्राशयाचे, आणि त्यात थोडे प्रोस्टेटचे. संगमाच्या खाली भरलेल्या घागरीतून एका छोट्या ओढ्याचं पाणी ओळखण्यासारखं हे काम आहे, त्यामुळे बदललेला लिपिड खरंच ट्यूमरच्या पेशीतून आला की बाकीच्या शरीरात काही बदललं म्हणून किडनीच्या एक्सोसोममधे आला हे सुटं करणं जिकिरीचं आहे. स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या एका गटानं २०१८ साली लघवीतल्या अशाच पिशव्यांमधले मेटाबोलाइट (पेशीच्या कामकाजात तयार होणारे छोटे रेणू) तपासताना तुलना बीपीएचच्या पेशंटशीच केली, आणि तसं करणं मला जास्त बरोबर वाटतं.

बरं, लघवीतले एक्सोसोम दवाखान्यापर्यंत पोचूच शकत नाहीत असंही नाही. आरएनएच्या बाजूनं ते झालेलं आहे. एक्सोडीएक्स नावाची अमेरिकन चाचणी लघवीतल्या एक्सोसोममधल्या पीसीए३, ईआरजी आणि एसपीडीईएफ या तीन जनुकांचं आरएनए मोजते, प्रोस्टेटला हात लावून तपासणी करायचीही गरज नसते, आणि तिचा मोठा अभ्यास २०१६ साली छापून आला. त्यात त्यांनी प्रश्न सुद्धा नेमका ठेवला, पीएसए २ ते १० मधे आहे, वय ५० च्या वर आहे, पहिली बायोप्सी करायची की नाही, आणि शोधायचाय तो जास्त धोक्याचा कॅन्सर, कुठलाही नाही. त्यांची स्पेसिफिसिटी १०० वगैरे अजिबात नाही, त्याच्या खूपच खाली आहे, कारण खरी माणसं खऱ्या परिस्थितीत घेतली की असंच होतं. पण निगेटिव्ह आली तर बायोप्सी थांबवायला आधार मिळतो, आणि बायोप्सी टळणं हे त्या माणसासाठी काही थोडं नाही. लिपिडच्या चाचणीनं हाच रस्ता धरायला हवा.

आता आपल्याकडचं बोलू, कारण भारतात वर्षाला साधारण ३८ हजार पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघतो असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे, आणि आपल्याकडे फार जण उशिरा येतात, कंबर दुखते म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे जातात आणि तिथे कळतं की कॅन्सर हाडापर्यंत गेलाय. घरातला बाप माणूस लघवीच्या तक्रारीबद्दल तोंड उघडत नाही, बायकोलाही सांगत नाही, त्यामुळे टोचाटोची नसलेल्या चाचणीचा आपल्याला कदाचित नॉर्वेपेक्षा जास्त उपयोग होईल. पण ओस्लोची सीमारेषा उचलून पुण्या-मुंबईच्या लॅबमधे लावता येणार नाही असं मला ठामपणे वाटतं आणि त्याचं कारण त्या तिसऱ्या लिपिडमधेच आहे. १८:२ म्हणजे लिनोलेइक अॅसिड, हे आपलं शरीर बनवूच शकत नाही, सगळं अन्नातून येतं. सूर्यफूल, सोयाबीन आणि आपली करडई ही तेलं लिनोलेइकनं भरलेली आहेत, करडईत तर बहुतेक वाणांमधे निम्म्याहून खूप जास्त तेच असतं. वर्षानुवर्षं करडईच्या किंवा सोयाबीनच्या तेलात जेवणाऱ्या सोलापूर-लातूरच्या माणसाच्या पेशींच्या पडद्यात लिनोलेइकचा वाटा मासे, लोणी आणि रेपसीडचं तेल खाणाऱ्या नॉर्वेच्या माणसापेक्षा वेगळा असणं अगदी साहजिक आहे. तेव्हा त्याच्या एक्सोसोमच्या फॉस्फॅटिडिलसेरीन १८:०-१८:२ चा आकडा कॅन्सर नसतानाही वेगळा येऊ शकतो. प्रोटीन किंवा जनुकाच्या चाचणीला जेवणातल्या तेलाचा असा थेट धक्का सहसा बसत नाही, लिपिडला बसू शकतो, आणि लिपिडवर काम करणाऱ्यानं ताटात काय आहे हे विचारलंच पाहिजे.

ज्यांच्या घरी आत्ता पीएसए ५ किंवा ६ चा रिपोर्ट येऊन पडलाय त्यांच्यासाठी सरळ सांगतो, ओस्लोची ही लिपिडवाली चाचणी रोजच्या वापरात नाहीये, त्यामुळे लॅबमधे जाऊन मागू नका आणि तिच्यासाठी थांबूनही राहू नका. युरोलॉजिस्टला भेटा, लघवीत इन्फेक्शन आहे का बघतात, काही आठवड्यांनी पीएसए परत करतात, आणि बायोप्सीच्या आधी प्रोस्टेटची एमआरआय करून घ्यायची का हे नक्की विचारा. २०१८ साली छापलेल्या प्रिसिजन ट्रायलमधे ५०० पुरुषांवर दिसलं की आधी एमआरआय करून मगच ठरवलं तर काहींची बायोप्सी टळते आणि ज्यांची होते त्यांच्यात धोक्याचा कॅन्सर जास्त नेमका सापडतो. घरात वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण त्यानं धोका वाढतो.

आणि संशोधन करणाऱ्या कुणाच्या हातात हे पडलं तर, माझ्या मते पुढचा अभ्यास असा हवा. पीएसए ३ ते १० मधले पुरुष, सगळे बायोप्सीसाठी आलेले, म्हणजे निरोगी स्वयंसेवक कुणीच नाही, ज्यांना कॅन्सर निघणार नाही तेच तुलनेचा गट. लघवी एमआरआय आणि बायोप्सीच्या आधी घेतलेली, सगळ्यांची एकाच वेळची, एकाच पद्धतीनं साठवलेली. तीन लिपिड आणि त्यांची सीमारेषा नमुने उघडण्याआधीच लिहून बंद केलेली. कॅन्सर नसलेले निदान २०० जण मिळाले तर स्पेसिफिसिटी पाच-सहा टक्क्यांच्या फरकात सांगता येईल, १३ जणांसारखा २५ टक्क्यांचा पट्टा राहणार नाही. उत्तर नुसतं कॅन्सर आहे-नाही असं नको, ग्लीसन (बायोप्सीवरून कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ७ आणि वरचा किती पकडला ते हवं. आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर एक ओळ, घरात कुठलं तेल वापरता.